टिकाऊ मल्टिटूल कसे निवडावे: ठाणे-बेलापूर पट्ट्यात रोज कामावर जाणाऱ्यांसाठी

मल्टिटूल, म्हणजे मिटवून खिशात किंवा पट्ट्याला नेता येणारे अनेक हत्यारांचे एकच साधन, विकत घेताना बहुतेक जण आधी त्यात किती हत्यारे आहेत ते मोजतात, आणि दुकानदारही 'पंधरा इन वन', 'एकवीस इन वन' याच भाषेत माल दाखवतो. रोजच्या वापरात मात्र गाठ पडते ती पक्कड, एक चांगले पाते, स्टार स्क्रूड्रायव्हर आणि चपटा स्क्रूड्रायव्हर यांच्याशी. कात्री आणि कानस अधूनमधून लागतात. बाकीची हत्यारे महिनोन् महिने मिटलेलीच राहतात आणि त्यांच्या फटींत धूळ साठते. म्हणून टिकाऊ मल्टिटूल निवडायचे म्हणजे या चार हत्यारांची घडण, त्यांना धरून ठेवणारा सांधा आणि त्यांचे पोलाद नीट पारखायचे, असे माझे स्पष्ट मत आहे. रबाळे-महापे भागातील कारखान्यांत देखभालीचे काम करताना जी मल्टिटूल निकामी झालेली पाहिली, त्यांतील बहुतेकांची पाती शाबूत होती. गेलेला होता तो पकडीचा सांधा, नाहीतर तार कापण्याच्या जागी खोल खाच पडलेली होती.

आधी स्वतःचे काम पाहा

ज्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी कायम असते, त्या वायरमनला किंवा फिटरला मल्टिटूलची गरज त्याला वाटते त्यापेक्षा कमी असते. चांगली पक्कड, दोन मापांचे स्क्रूड्रायव्हर आणि एक कटर यांना मिळून काही शे रुपये लागतात आणि ती हत्यारे आपापल्या कामात कोणत्याही मल्टिटूलपेक्षा सरस असतात. मल्टिटूलचे खरे मोल कळते ते पिशवी जवळ नसताना: पाळीवरचा पर्यवेक्षक शॉप फ्लोअरवर फेरी मारत असताना एखाद्या यंत्राच्या संरक्षक आवरणाचा (गार्डचा) स्क्रू सैल झालेला दिसतो, घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीत केबल ओढणारा तंत्रज्ञ शिडीवर उभा असतो आणि पिशवी खाली राहिलेली असते, किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सर्व्हर रूममधल्या रॅकची एक पट्टी काढायची असते आणि त्यासाठी देखभाल विभागाला फोन करून अर्धा तास थांबावे लागते. अशा वेळी जे अंगावर असते तेच उपयोगी पडते. त्यामुळे वजनाचा विचार हत्यारांच्या संख्येआधी करावा.

वजनाचा अंदाज यावा म्हणून काही प्रसिद्ध नमुने घेऊ. लेदरमन कंपनीच्या स्केलेटूलचे वजन १४२ ग्रॅम आहे, वेव्ह प्लसचे २४१ ग्रॅम, आणि सर्ज हे मोठे मल्टिटूल साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते. व्हिक्टोरिनॉक्सचे स्विसटूल स्पिरिट दोनशे ग्रॅमच्या थोडे वर आहे. ठाणे स्थानकावर सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाने सर्ज पँटच्या खिशात ठेवले तर ते मांडीला टोचत राहते आणि पंधरवड्याच्या आत घरच्या कपाटात जाऊन पडते. खिशात ठेवायचे असेल तर १५० ग्रॅमपर्यंत, पट्ट्याला म्यानात लावायचे असेल तर २५० ग्रॅमपर्यंत, आणि गाडीच्या डिकीत किंवा लॉकरमध्ये राहणार असेल तरच त्याहून जड, अशी मर्यादा मी सुचवीन.

दुसरा निर्णय घडणीचा. व्हिक्टोरिनॉक्सची परंपरा चाकूची आहे. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे १८८४ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने १८९१ पासून स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवले, आणि त्या घराण्यातील लाल चाकूंमध्ये पाते मुख्य व बाकी हत्यारे त्याच्या जोडीला असतात. पकडीभोवती रचलेल्या मल्टिटूलचा पाया टिम लेदरमन यांनी घातला. १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोपात फिरताना गाडी सारखी बिघडायची, जवळ चाकू होता पण पक्कड नव्हती; त्या अडचणीतून सुचलेली कल्पना १९८३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे कंपनी स्थापून त्यांनी बाजारात आणली. तुमचे काम खोकी उघडणे, दोर कापणे, पाकिटे फोडणे, प्लगचा स्क्रू घट्ट करणे एवढेच असेल तर शंभर ग्रॅमच्या आसपासचा स्विस चाकू पुरतो आणि तो जास्त टिकतो, कारण त्यावर पकडीइतका जोर कधी पडतच नाही. नट धरायचा, तार वळवायची, अडकलेली पिन ओढायची असेल तर मात्र पकडीचेच मल्टिटूल घ्यावे.

दुकानात हातात घेऊन काय पाहावे

शक्य असेल तर मल्टिटूल हाताळूनच घ्यावे. मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकाने रांगेने आहेत आणि ठाण्याहून मध्य रेल्वेने तिथे थेट जाता येते. तिथला जाणता दुकानदार माल हातात द्यायला सहसा नाही म्हणत नाही. ऑनलाइन मागवायचे झाल्यास परत करण्याची मुदत पाहून घ्यावी आणि पुढील सगळ्या तपासण्या त्या मुदतीत घरी उरकाव्यात.

पक्कड मिटवून ती दिव्यासमोर धरा. जबड्याची टोके एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत. एक टोक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे सरकलेले असेल तर ते मल्टिटूल तिथेच बाजूला ठेवावे, कारण हा दोष वापरून सुधारत नाही, वाढतो. मागच्या बाजूला, दात असलेल्या भागात, बारीक फट दिसली तर ती चालते. त्यानंतर बिलाच्या कागदाचा एक कपटा टोकांत पकडून दुसऱ्या हाताने ओढा. टोके चांगली असतील तर कागद फाटेल पण निसटणार नाही. आता दोन्ही मुठी धरून पक्कड अर्धी उघडा आणि मुठी वर-खाली, म्हणजे जबड्याच्या पातळीला काटकोनात, हलवून पाहा. सांध्यात जाणवण्याइतका खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल, किंवा टकटक असा आवाज येत असेल, तर नव्या कोऱ्या हत्याराची ही अवस्था वर्षभराने काय होईल ते ओळखून घ्यावे. उलट, सांधा इतका घट्ट असेल की दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय उघडतच नाही, तर तेही बरे लक्षण नाही. थोडा घट्टपणा तेलाने आणि वापराने सुटतो, पण उघडताना खरखर जाणवत असेल तर आतले पृष्ठभाग नीट घासून गुळगुळीत केलेले नाहीत असे समजावे.

सांधा रिव्हेटने (ठोकून कायमच्या बसवलेल्या खिळीने) बंद केला आहे की स्क्रूने, हेही पाहावे. टॉर्क्स डोक्याचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच असलेला, स्क्रू असेल तर सांधा सैल झाल्यावर तो पुन्हा आवळता येतो. रिव्हेट सैल झाला तर सामान्य माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. तरीही उत्तम रिव्हेट मारलेले मल्टिटूल हलक्या स्क्रूच्या मल्टिटूलला मागे टाकते, म्हणून केवळ स्क्रू दिसला एवढ्यावर समाधान मानू नये.

तार कापण्याची जागा मी सर्वांत बारकाईने पाहतो. तांब्याच्या वायरचा एकच केसासारखा धागा तिथे ठेवून मूठ दाबावी. तो स्वच्छ तुटला पाहिजे, चेपून वाकता कामा नये. या जागी खाच पडते ती बहुतेक वेळा चुकीची तार कापल्यामुळे. तांबे, ॲल्युमिनियम, बांधकामावरची मऊ बाइंडिंग तार, प्लास्टिकचे केबल टाय यांनी धारेला काही होत नाही. स्प्रिंगची तार, मोटरसायकलच्या क्लच केबलच्या आतला पोलादी दोर, खिळे हे मात्र कटरच्या धारेइतके कडक असू शकतात, आणि एकदा खाच पडली की तिथून पुढे बारीक तार कापली जात नाही, नुसती अडकते. लेदरमनच्या वेव्ह प्लस, सर्ज, रीबार अशा नमुन्यांत कटरचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात. तार कापण्याचे काम नियमित असणाऱ्याने ही एक सोय असलेलेच मल्टिटूल घ्यावे, त्यासाठी दोन हत्यारे कमी मिळाली तरी हरकत नाही.

पात्याला आणि स्क्रूड्रायव्हरला लॉक आहे का, ते पूर्ण बसते का, हे प्रत्येक हत्यार उघडून पाहावे. स्क्रूवर जोर देताना बिनलॉकचा स्क्रूड्रायव्हर अचानक मिटला तर बोट त्याच्या आणि मुठीच्या मध्ये सापडते. स्क्रूड्रायव्हर खऱ्या स्क्रूत घालून पाहायला विसरू नये. घरातील आणि पॅनेलवरील बहुतेक स्टार स्क्रू दोन नंबरच्या फिलिप्स मापाचे असतात, आणि मल्टिटूलचा स्क्रूड्रायव्हर त्यात डुगडुगत असेल तर काही दिवसांतच स्क्रूची डोकी खराब होऊ लागतात. ज्यांना टॉर्क्स किंवा षटकोनी स्क्रूही लागतात त्यांनी बिट (स्क्रूड्रायव्हरचे सुटे टोक) बदलता येणारे मल्टिटूल पाहावे, पण त्यात पाव इंची साधे बिट बसतात की कंपनीचे खास चपटे बिटच लागतात, हे विचारून घ्यावे. चपटे बिट हरवले तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

शेवटी मूठ पूर्ण ताकदीने आवळा. मुठीच्या कडा तळहातात रुततात का, आणि एक हत्यार उघडताना शेजारची दोन त्याच्यासोबत उठून येतात का, हे पाहा. दुसरा दोष किरकोळ वाटतो, पण शिडीवर एका हाताने काम करताना तोच जास्त छळतो.

खाडीकाठची हवा आणि पोलाद

ठाण्याची खाडी, वाशी-ऐरोलीची किनारपट्टी आणि उरणकडचा समुद्र यांमुळे आपल्याकडची हवा दमट आणि खारट असते. जून ते सप्टेंबर तर कपाटातल्या वस्तूंनाही बुरशी येते. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ही समजूत इथे खोटी ठरते. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. समुद्री हवेतील आणि घामातील मीठ म्हणजे क्लोराइड हा थर जागोजागी भेदते, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे काळपट खड्डे पडू लागतात. हे खड्डे वरवर दिसतात त्यापेक्षा खोल असतात. पाते चकाकत असूनही सांध्यात आणि स्प्रिंगच्या मुळाशी, जिथे ओल अडकून राहते, तिथे गंज आधी धरतो.

पोलादाच्या नावांचा फार बाऊ करण्याचे कारण नाही, तरी थोडी ओळख असावी. बहुतेक लेदरमन मल्टिटूलांच्या पात्यांसाठी ४२० एचसी हे पोलाद वापरतात. ते गंजाला चांगली टक्कर देते, धार मध्यम काळ टिकवते आणि साध्या दगडावर लवकर धारदार होते. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूच्या पात्याची कठिणता रॉकवेल मापनाने ५६ च्या आसपास ठेवते, आणि त्यामागेही हाच विचार आहे. १५४ सीएम किंवा एस ३० व्ही ही महाग पोलादे धार जास्त काळ टिकवतात, पण ती बोथट झाल्यावर घरी धार लावणे कष्टाचे असते. आठवड्याला डझनभर खोकी उघडणाऱ्यासाठी ४२० एचसी पुरेसे आहे. वाचलेले पैसे चांगल्या सांध्याच्या आणि बदलता येणाऱ्या कटरच्या नमुन्यावर खर्च करावेत.

दुकानात चुंबक लावून पोलाद तपासणारे भेटतात. चुंबक चिकटला म्हणजे माल स्टेनलेस नाही, हा निष्कर्ष हत्यारांच्या बाबतीत चुकीचा आहे. स्वयंपाकघरातील काही स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटत नाही हे खरे, पण ज्या स्टेनलेस पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कठीण करतात, त्याला तो चिकटतोच. अस्सल महागड्या पात्यालाही चिकटतो.

काळा थर दिलेली मल्टिटूल दिसायला सुंदर असतात आणि थर शाबूत असेपर्यंत गंजापासून थोडे संरक्षणही मिळते, परंतु कडा आणि जबडे इथला थर आधी झिजतो. म्यानाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: आपल्या हवेत चामड्याचे म्यान घेऊ नये. ते पावसात भिजते, दोन दिवस सुकत नाही आणि तेवढा वेळ हत्यार ओल्या कापडात गुंडाळल्यासारखे राहते. नायलॉनचे म्यान दिसायला साधे असले तरी पंख्याखाली रात्रीत वाळते.

जिथे मल्टिटूल वापरूच नये

मल्टिटूलची मूठ धातूची असते आणि जबड्यापासून तळहातापर्यंत वीज सरळ वाहू शकते. घरातील २३० व्होल्टच्या चालू वायरीला ते कधीही लावू नये. मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळणे हा उपाय नाही. आधी एमसीबी (मीटर बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडावा, टेस्टरने खात्री करावी, मगच हात घालावा. चालू विजेवर काम करणे ज्यांचा व्यवसायच आहे त्यांनी १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण छापलेली इन्सुलेटेड हत्यारेच वापरावीत. गाडीच्या बॅटरीजवळही हीच दक्षता घ्यावी, कारण १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी पॉझिटिव्ह टर्मिनल आणि गाडीचा सांगाडा यांमध्ये मल्टिटूल आडवे पडले तर प्रचंड प्रवाह वाहून क्षणात धातू लाल होतो आणि हात भाजतो.

घट्ट बसलेला नट पकडीने सोडवण्याचा मोह टाळावा. नटाचे कोपरे गोल होतात आणि मग १० नंबरचा पानाही त्यावर बसत नाही. मल्टिटूलने हातोडीचे काम करू नये, आणि पात्याने पत्र्याचा डबा उचकटू नये; सांधा सैल होण्याची सुरुवात बहुधा अशाच वापरातून होते.

जवळ बाळगण्याविषयीचे नियम

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख शस्त्र म्हणून येतो, आणि घरगुती, शेती किंवा औद्योगिक कामासाठीचे चाकू त्यातून वगळलेले आहेत. मल्टिटूलचे पाते साधारण तीन इंचांच्या आत असते. परंतु ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश निघत असतात आणि त्यात चाकू-सुरे जवळ बाळगण्यावरही बंदी असते. तशा दिवसांत मल्टिटूल कामाच्या ठिकाणच्या लॉकरमध्ये ठेवावे, किंवा कंपनीचे ओळखपत्र आणि कामाची इतर हत्यारे यांच्यासोबत पिशवीत न्यावे.

विमानप्रवासात ते हातातल्या सामानात चालत नाही; चेक-इनच्या बॅगेत टाकावे, नाहीतर सुरक्षा तपासणीत ते तिथेच सोडून द्यावे लागते. मेट्रो, मॉल आणि आयटी पार्कच्या फाटकांवर बॅग तपासली जाते आणि निर्णय तिथल्या सुरक्षारक्षकाच्या हाती असतो. ज्यांना रोज अशा फाटकातून जावे लागते त्यांनी बिनपात्याचे मल्टिटूल घेण्याचा गंभीरपणे विचार करावा. लेदरमनचे स्टाइल पीएस आणि गर्बर कंपनीचे डाइम ट्रॅव्हल हे त्या प्रकारातले छोटे नमुने आहेत. त्यांची पक्कड लहान असते, जड काम होत नाही, पण रोज सोबत राहतात.

अस्सल माल, बिल आणि हमी

नामांकित मल्टिटूल आपल्याकडे दहा हजारांच्या पुढेही जातात आणि त्यामुळे नकलांचा सुळसुळाट आहे. वजनकाट्यावर ठेवून कंपनीने जाहीर केलेल्या वजनाशी ताडून पाहणे हा सोपा आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह उपाय आहे, कारण नकलेत पातळ पत्रा वापरलेला असतो. नाव नखाने खरवडून जाते का, कडा हाताला बोचतात का, हेही पाहावे. लेदरमन पंचवीस वर्षांची हमी देते, व्हिक्टोरिनॉक्स साहित्यातील आणि बनावटीतील दोषांसाठी आजीवन. मात्र दोन्हींत झीज आणि गैरवापर धरले जात नाहीत. भारतात दुरुस्तीसाठी मल्टिटूल कुठे पाठवायचे हे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच विचारावे आणि जीएसटीचे बिल फोटो काढून जपून ठेवावे, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

घेतल्यावर निगा

पावसात भिजलेले किंवा घामाने चिकट झालेले मल्टिटूल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याखाली सगळी हत्यारे उघडून धुवावे. सांध्यात चिखल किंवा डिंक अडकला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश फिरवावा, मग कापडाने पुसून पंख्याखाली उघडेच ठेवावे. पूर्ण कोरडे झाल्यावर प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडून हत्यार पाच-सहा वेळा उघड-मीट करावे आणि वर आलेले काळे तेल पुसून टाकावे. खोबरेल तेल वापरू नये. ते हळूहळू चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. डब्ल्यूडी-४० हा डब्यातून मिळणारा फवारा पाणी हटवण्यासाठी उत्तम आहे, पण त्याचा वंगणाचा परिणाम फार टिकत नाही, म्हणून त्यानंतर तेल द्यावेच.

धार लावायला पाते दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर देऊ नये. चाकावर पाते इतके तापते की कडेला निळसर झाक येते, आणि तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलेले असते. तिथे पुन्हा कितीही धार लावली तरी ती दोन दिवसांत जाते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा तेलाचा दगड घ्यावा, पाते दगडाशी १५ ते २० अंशांच्या कोनात धरावे आणि दोन्ही बाजूंनी सारखे फेरे द्यावेत. पावसाळ्याचे चार महिने हत्यार म्यानात बंद न ठेवता रात्री टेबलावर उघड्यावर ठेवावे, आणि महिन्यातून एकदा सांध्याचा खेळ, लॉकची पकड आणि कटरची धार दुकानात तपासली होती तशीच पुन्हा तपासून पाहावी. टॉर्क्स स्क्रू सैल झाल्याचे त्याच वेळी लक्षात आले तर एक चतुर्थांश वळसा पुरतो.